छापील चित्राची साक्ष : जुनी मुद्राचित्रे कशी ओळखावीत, कशी जपावीत



आजचा विषय आहे जुनी मुद्राचित्रे. शब्द जरा जड वाटेल, पण अर्थ साधा आहे. हाताने कागदावर काढलेले चित्र ते हस्तचित्र. आणि लाकडाच्या ठशावरून, तांब्या-पोलादाच्या पत्र्यावरून किंवा दगडावरून शाई घेऊन कागदावर उमटवलेले ते मुद्राचित्र. छायाचित्र शाईने पुस्तकात छापण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. त्याच्या आधी लोकांनी जगातले जे काही चित्रात पाहिले, ते बहुतेक या मार्गाने पाहिले.

आता कोणी विचारेल, की बुलढाण्यात बसून या विलायती कागदांशी आपल्याला काय करायचंय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपण आपल्या जिल्ह्याचे दोन भाग सहज बोलून जातो, घाटावरचा आणि घाटाखालचा. तो घाट ज्या डोंगराचा, तो अजिंठ्याचा डोंगर. त्याच डोंगररांगेत, आपल्या सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. आणि त्या लेण्यांतल्या चित्रांची एक हकीकत अशी आहे, की ती ऐकल्यावर जुन्या छापील कागदाकडे बघण्याची नजरच बदलते. म्हणून आधी ती सांगतो.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. पुढे जेम्स फर्ग्युसन यांनी त्यांचा अभ्यास करून लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या असा आग्रह धरला. त्यातून १८४४ साली मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. गिल अजिंठा गावी राहिले. लेण्यांतल्या अंधारात, वटवाघळांच्या आणि दमटपणाच्या संगतीत त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांत नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना बघायला लावल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीला आग लागली आणि गिल यांच्या बहुतेक सगळ्या नकला जळाल्या. प्रदर्शनात नसलेल्या मोजक्याच वाचल्या.

पण त्याच्या दहा वर्षे आधी, १८५६ साली, श्रीमती स्पीयर या लेखिकेचे प्राचीन भारतातल्या जीवनावरचे एक पुस्तक लंडनमध्ये निघाले होते. त्यात गिल यांच्या नकलांवरून तयार केलेली काही लहान चित्रे छापलेली होती. लाकडाच्या ठशावरची, काळ्या शाईतली, पुस्तकाच्या पानात मावतील एवढी. भिंतभर चित्राची ती तळहाताएवढी आठवण. आग लागली तेव्हा कॅनव्हास एकेकच होते, ते गेले. पुस्तकाच्या प्रती मात्र कुठे कुठे पोचलेल्या होत्या, त्या राहिल्या.

पुढे १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकलांचे काम पुन्हा हाती घेतले. ते १८८५ पर्यंत चालले. आणि दैवाचा खेळ बघा, १८८५ मध्येच लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागून त्यांच्याही बऱ्याच नकला जळाल्या. शेवटी १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड छापून निघाले, त्यांत रंगीत छापचित्रे होती. आज अभ्यासक त्या खंडांकडे जातात.

यातून आम्ही एक गोष्ट घेतो. मूळ चित्र एक असतं, त्याचे छाप अनेक असतात. म्हणून मूळ गेल्यावर पुष्कळदा छाप उरतो. पण दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. छाप म्हणजे मूळ नव्हे. श्रीमती स्पीयर यांच्या पुस्तकातल्या चित्राचा प्रवास बघा. पाचव्या शतकाच्या सुमारास लेण्यातल्या चित्रकाराने भिंतीवर चित्र काढले. गिल यांनी ते कॅनव्हासवर उतरवले. गिल यांच्या कॅनव्हासवरून जॉर्ज शार्फ यांनी लाकडी ठोकळ्यावर रेखाटन केले. शार्फ अजिंठ्याला आलेले नव्हते. त्या रेखाटनावर ठसा कोरणाऱ्या कारागिराने हत्यार चालवले. मग कुठे शाई लागली. म्हणजे भिंतीपासून पानापर्यंत चार हात फिरले. प्रत्येक हाताने काही ठेवले, काही टाकले, काही आपल्या सवयीचे घातले. रंग गेला, आकार गेला, छटा गेल्या. माणसे कशी उभी आहेत, कोण कुणाकडे बघते आहे, डोक्यावर काय आहे, हे बरेचसे राहिले.

तेव्हा छापील चित्र हा साक्षीदार आहे. साक्षीदाराचे म्हणणे ऐकायचे तर तो कुठे उभा होता, त्याने स्वतः पाहिले की ऐकीव सांगतो, हे आधी विचारावे लागते. आणि छापील चित्राच्या बाबतीत हे कळण्याचा पहिला मार्ग म्हणजे ते कसे छापले हे ओळखणे. आजच्या व्याख्यानाचे सार हेच आहे.

छपाईच्या जुन्या रीती पुष्कळ आहेत, पण त्यांची घराणी तीनच. शाई ठशाच्या कोणत्या भागावर बसते, एवढाच प्रश्न विचारायचा. उंच भागावर, खोल भागात, की सपाट पृष्ठभागावर?

पहिले घराणे उठावाचे. रबरी शिक्का सगळ्यांनी वापरलेला आहे. जे उंच आहे त्याला शाई लागते, जे कोरून काढले ते पांढरे राहते. साडीवर छाप मारायचा लाकडी ठसाही याच घराण्यातला, आणि छापखान्यातले खिळेसुद्धा. आता लाकूड कसे घेता यावर फरक पडतो. आपण चुलीसाठी लाकूड फोडतो तेव्हा ते उभे, शिरेच्या दिशेने फाटते. फळीवर कोरताना हीच शीर आडवी येते, बारीक रेघ टवका उडून जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्युइक यांनी लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे ओंडका करवतला की ज्या तोंडावर वर्तुळे दिसतात त्या बाजूवर, कोरण्याची रीत नावारूपाला आणली. लाकूड बॉक्सवुड नावाच्या झाडाचे, अतिशय घट्ट. त्यावर धातू कोरायची कोरणी कुठल्याही दिशेला फिरवता येते आणि केसासारखी रेघ निघते. याला आम्ही काष्ठकोरीव चित्र म्हणतो.

या रीतीचा मोठा फायदा असा, की ठोकळ्याची उंची खिळ्यांइतकीच ठेवता येते. म्हणून मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. तेव्हा तुमच्या हातातल्या चित्राच्या शेजारी किंवा पाठीमागे खिळ्यांनी छापलेला मजकूर असेल, तर ते बहुधा या पहिल्या घराण्यातले. हा अगदी सोपा पडताळा आहे. पाठ बघा!

दुसरे घराणे खोलीचे. हे समजायला आपल्याला खामगावच्या सराफ्यात जावे लागेल. खामगाव चांदीच्या कामासाठी नावाजलेले आहे. चांदीच्या ताटावर नाव घालणारा कारागीर काय करतो? अणकुचीदार कोरणी पुढे रेटतो, चांदीचा बारीक कीस निघतो आणि रेघेची चर पडते. आता कल्पना करा, की त्या चरीत काजळी शाई भरली, वरचा पत्रा फडक्याने स्वच्छ पुसला, त्यावर ओलसर कागद ठेवला आणि चरकातून उसासारखा दाबून काढला. चरीतली शाई कागद उचलून घेईल. झाले तांबेपत्र्यावरचे मुद्राचित्र. ही केवळ उपमा नाही. युरोपात पंधराव्या शतकात ही कला सोनारांच्याच पेढीवर जन्माला आली. सोनाराने धातूवरची नक्षी कागदावर उतरवून बघितली आणि त्यातून चित्रांची छपाई उभी राहिली.

या घराण्यात दोन बहिणी आणखी आहेत. एकीत कोरणी न चालवता पत्र्यावर मेणाचा लेप देतात, सुईने मेण खरवडून रेघा काढतात आणि तेजाबात बुडवतात. मेण गेले तिथे तेजाब तांबे खातो. दुसरीला ॲक्वाटिंट म्हणतात. तिच्यात पत्र्यावर राळेची पूड बसवून ती तापवतात, मग तेजाब देतात. राळेच्या कणांच्या मधल्या बारीक फटी खाल्ल्या जातात आणि रेघ नव्हे, तर जलरंगासारखी छटा छापता येते. आकाश, पाणी, दगडावरची सावली हे सगळे या रीतीत फार छान येते.

खोलीच्या घराण्याची ओळख कशी पटते? पत्रा कागदापेक्षा लहान असतो आणि दाब प्रचंड असतो, म्हणून पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. कागद खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरा, चित्राभोवती ती चौकट दिसते. शाईची रेघही किंचित उंच दिसते. पण सावध रहा. पुष्कळ चित्रांच्या कडा बांधणी करताना किंवा चौकटीत बसवताना कापलेल्या असतात, मग ती खूण गेलेली असते. आणि आजच्या नकलांवर मुद्दाम खोटी दाबचौकटही उमटवलेली सापडते. एका खुणेवर निकाल देऊ नये.

या ॲक्वाटिंटचे आपल्या बाजूचे मोठे उदाहरण म्हणजे वेरूळ. १८०३ साली लंडनमध्ये टॉमस डॅनियल यांनी वेरूळच्या लेण्यांची चोवीस भव्य चित्रे प्रसिद्ध केली. पण डॅनियल वेरूळला गेलेले नव्हते. मूळ रेखाटने जेम्स वेल्स यांची. हे स्कॉटिश चित्रकार पुण्यात पेशवे दरबारात होते, सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे त्यांनी काढली, आणि १७९५ साली इकडेच वारले. त्यांच्याबरोबर काम करणारा एक पुणेकर होता, गंगाराम तांबट. पुण्याचे इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी त्याने वेरूळची रेखाटने केली होती. तांबट हे त्याचे आडनावच सांगते की घराणे तांब्याचे काम करणाऱ्यांचे.

जुन्या छापचित्राच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत, डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात नावे असतात. लॅटिन शब्दांची संक्षिप्त रूपे असतात. ‘पिंक्सिट’ म्हणजे ज्याने रंगवले तो, ‘डेलिनियाविट’ म्हणजे ज्याने रेखाटले तो, आणि ‘स्कल्प्सिट’ म्हणजे ज्याने कोरले तो. खाली प्रकाशकाचे नाव, पत्ता, तारीख. ही ओळ म्हणजे साक्षीदाराचे नाव-गाव. पण त्या ओळीत सगळे येत नाहीत. ठसे कोरणाऱ्या कितीतरी कारागिरांना तिथे जागा मिळाली नाही. म्हणून नावे वाचायची, आणि कोणाची नावे राहिली तेही विचारायचे.

याच काळातली मराठी मुलखातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्रजांच्या सहवासात तांब्याच्या पत्र्यावरून छपाईची कल्पना पुण्यात पोचली होती. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता अशी छापून घ्यावी असे होते. ते राहून गेले, पण १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने पत्र्यावर कोरलेली गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासात ही हकीकत आणली आहे. देवनागरी खिळ्यांची पुस्तके महाराष्ट्रात सर्रास होण्याआधी आपल्या तांबटाने अख्खी पोथी धातूवर, तीही उलट्या अक्षरांत, कोरली.

उलट्या अक्षरांत, हे लक्षात ठेवा. ठशावर जे डावे ते कागदावर उजवे. कुशल कोरक आरशात बघून उलटे कोरतो, म्हणजे छाप सुलट येतो. घाईतला कोरक तसे करत नाही आणि सगळे दृश्य पालटते. म्हणून ओळखीच्या जागेचे जुने चित्र मिळाले, तर नदी कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. माणसांच्या तलवारी उजव्या कमरेला लटकत असतील आणि सगळेच डावखुरे दिसत असतील, तर चित्र उलटले आहे असे समजायला हरकत नाही.

तांब्याचा पत्रा मऊ असतो. दाबाने झिजतो. ॲक्वाटिंटच्या पत्र्यावर तर काहीशे चांगले छाप निघाले की छटा उडू लागते. १८२० च्या दशकात पोलादी पत्रे आले आणि एका पत्र्यावर हजारो छाप निघू लागले. वर्षअखेरीच्या भेटपुस्तकांतून वेरूळ, दौलताबाद इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचले. कमांडर रॉबर्ट एलियट यांच्या रेखाटनांवरून केलेली अशी चित्रे पुष्कळ निघाली. त्यांतही एलियट यांच्या कच्च्या रेखाटनावरून दुसऱ्या नामांकित चित्रकाराने डौलदार चित्र केले आणि मग तिसऱ्याने कोरले. ढग गडद झाले, डोंगर उंच झाले. आज संग्राहकाला हीच पोलादी चित्रे जास्त भेटतात आणि त्यांची किंमतही कमी असते, कारण छापलीच भरपूर होती. जुने म्हणजे दुर्मीळ असे समीकरण नसते. किती छापले आणि किती उरले, यावर ते ठरते.

तिसरे घराणे सपाट पृष्ठभागाचे, आणि हे आपल्या घरांतले घराणे आहे. मराठीत याला शिळाछाप म्हणतात. १७९६ च्या सुमारास जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर यांनी ही युक्ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्यावर सगळे उभे आहे. एका विशिष्ट चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. शाई खडूला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. कोरणे नाही, खोदणे नाही. खडूचा कण न् कण कागदावर येतो. फर्ग्युसन यांचा लेण्यांवरचा १८४५ चा चित्रसंग्रह असाच शिळाछापावर निघाला.

शिळाछापाने मराठी घर आणि देवघर बदलले. आधी पोथ्या आल्या, पंचांगे आली. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली, तिच्या मागे विष्णुशास्त्री चिपळूणकर होते. तिथे देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे छापली जाऊ लागली. १८९४ साली राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, सगळे रंग एकावर एक नेमके बसवायचे. वरून चकाकीचा हात देऊन तैलचित्राचा भास करत, म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणत. ज्या चित्रांसमोर आपल्या पणज्यांनी हळदकुंकू वाहिले, ज्यांच्यावर जरी-टिकल्या शिवल्या, ती ही मुद्राचित्रे. जुन्या वाड्यांच्या माजघरात, अडतीच्या दुकानांत गल्ल्याच्या वर ती अजून सापडतात. विलायती चित्राचा शोध घेत फिरण्याआधी आपल्या घरच्या भिंतीवरून सुरुवात करा, असे आम्ही नेहमी सांगतो.

या तिन्ही घराण्यांसाठी लागते काय? एक भिंग. दहापट मोठे दाखवणारे, सराफाकडे असते तसले. त्यातून बघा. रेघा स्वच्छ, कडा दाबलेल्या आणि शाई सपाट, तर लाकडी ठसा. रेघ टोकाला निमुळती आणि शाईचा किंचित उंचवटा, तर धातूचा पत्रा. खडूचे अनियमित कण, तर दगड. आणि ओळीने मांडलेले, सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर तो हाफटोन ब्लॉक. जाळीतून छायाचित्र फोडून छापायची ही रीत १८८० च्या दशकात आली. आणि निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारख्या वर्तुळांत दिसले, तर ती आजकालची ऑफसेट नक्कल. विकणारा तिला दोनशे वर्षांची म्हणाला, तरी भिंग काय म्हणते ते ऐका.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव ही त्या कापसाची मोठी पेठ. जलंब ते खामगाव हा आगगाडीचा छोटा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. विलायतेला आपल्या भागाची एकाएकी ओळख झाली ती अशी, कापसाच्या गाठीतून.

त्या काळात हिंदुस्थानातल्या दरबारांची, बाजारांची, आगगाड्यांची चित्रे लंडनची सचित्र साप्ताहिके छापत असत. त्यांतले सगळ्यात गाजलेले ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १८४२ साली सुरू झाले. त्यांची पद्धत ऐकण्यासारखी आहे. बॉक्सवुडचे खोड बारीक, त्यातून मोठा ठोकळा निघत नाही. म्हणून लहान ठोकळे मागून पेचांनी जोडून मोठा सपाट ठोकळा करत. त्यावर चित्र काढून झाले की पेच सोडायचे आणि एकेक तुकडा एकेका कोरकाला द्यायचा. कोणी आकाश कोरतो, कोणी झाडे, कोणी माणसांचे चेहरे. रात्रीतून काम उरकून सकाळी पुन्हा जोडायचे. जोडावर रेघा नीट जुळल्या नाहीत तर छापात बारीक पांढरी फट दिसते. जुन्या साप्ताहिकाचे मोठे चित्र मिळाले तर भिंगातून ही आडवी-उभी फट शोधा. सापडली की तुम्हाला त्या रात्रीचे कामच दिसते.

आणि इथेच साक्षीचा प्रश्न पुन्हा येतो. इकडच्या माणसाने काढलेले कच्चे रेखाटन आगबोटीने तिकडे जाणार, आणि वऱ्हाड कधी न पाहिलेला चित्रकार ते ठोकळ्यावर पक्के करणार. तेव्हा अशा चित्रात कापसाच्या गाड्या दिसल्या तर आम्ही आधी बैल बघतो. पाठीवर वशिंड आहे का? जू मानेवर कुठे बसले आहे? गाडीवानाचे बसणे आपल्याकडचे आहे का? डोक्याचे पागोटे कुठल्या तऱ्हेचे? हे प्रश्न विचारायला लंडनचा तज्ज्ञ लागत नाही. पोळ्याला बैल सजवणाऱ्या शेतकऱ्याला त्यांची उत्तरे जास्त चांगली देता येतात. छपाईची रीत पुस्तकातून शिकता येते. चित्रातले खरे-खोटे ओळखायला तो मुलूख अंगात असावा लागतो. म्हणून हे काम आपले आहे.

मधल्या एका पायरीचा उल्लेख राहिला. गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले. १८६४ साली फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. पण छायाचित्र शाईने छापता येत नव्हते, म्हणून एकेक छायाचित्र कागदावर काढून पानावर चिकटवावे लागे. आपल्या लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे गिल यांनी घेतली. आणि १८७६ साली फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात शेकडो काष्ठकोरीव चित्रे होती, त्यांतली कितीतरी छायाचित्रांवरून कोरलेली. म्हणजे कॅमेऱ्याने बघितलेलेही शेवटी कोरणीनेच सांगितले. गिल १८७९ साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे.

आता संग्रहाविषयी थोडे. ज्यांना या छंदात पडायचे आहे त्यांना आम्ही चार गोष्टी सांगतो.

पहिली, पुस्तक फाडून काढलेले चित्र घेताना विचार करा. छत्तीस चित्रांचे एक पुस्तक विकण्यापेक्षा छत्तीस चित्रे सुटी विकली की जास्त पैसे येतात, म्हणून जुनी पुस्तके फोडली जातात. चित्र वाचते, पण त्याच्या शेजारचा मजकूर, त्याचा क्रम, त्याची तारीख जाते. साक्षीदाराला गावातून उचलून रस्त्यावर उभे केल्यासारखे ते होते. निदान ज्याच्या कडा शाबूत आहेत, खालची नावांची ओळ शाबूत आहे, असेच चित्र घ्या. आणि तुमच्या हाती अख्खे पुस्तक आले, तर कृपा करून ते अख्खेच राहू द्या.

दुसरी, रंगाला भुलू नका. साप्ताहिकांतली जुनी काष्ठचित्रे बहुतेक काळ्या शाईतच निघत. आज बाजारात ती रंगवलेली दिसतात, तो रंग पुष्कळदा अलीकडच्या हाताचा असतो. उलट जुन्या ॲक्वाटिंटवर रंग त्याच काळात हाताने भरलेला असू शकतो. रंग रेघेबाहेर गेला आहे का, कागदाच्या जुनाटपणाशी जुळतो का, हे बघा.

तिसरी, कागद वाचा. उजेडासमोर धरला की चांगल्या इंग्रजी कागदात जलचिन्ह दिसते. व्हॉटमन हे नाव आणि खाली साल, असे पुष्कळदा असते. चित्र त्या सालाच्या आधीचे असणे शक्य नाही. नंतरचे मात्र असू शकते. चिंध्यांपासून केलेला जुना कागद दोनशे वर्षांनीही मऊ आणि मजबूत राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो, त्याला जास्त जपावे लागते.

चौथी, जपणूक. आपल्या घाटाखालचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे आणि त्यामागून येणारा दमट पावसाळाही. चित्र थेट उन्हात किंवा पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. काचेला कागद चिकटू देऊ नका, मधे जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवा, तीही आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची मिळाली तर उत्तम. फाटले असेल तर चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पुढे कधीच जात नाही. आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. प्लास्टिकमध्ये भाजून बंद केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा तरी सगळे काढून बघा.

याला जोडून एक वही ठेवा. चित्र कुठून आले, कोणाच्या घरात होते, चौकटीमागे काय लिहिले होते, कुठल्या रीतीने छापले असावे आणि तसे का वाटते, हे त्यात लिहा. देवघरातले ओलिओग्राफ बदलून नवे चकचकीत चित्र लावताना जुने बहुधा नदीत सोडतात किंवा पिंपळाच्या पारावर ठेवतात. श्रद्धेचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण सोडण्याआधी एकदा उलटून त्याच्या खालची ओळ वाचा. कुठला छापखाना, कुठले गाव, हे वहीत उतरवून घ्या. जुन्या शाळेच्या, वाचनालयाच्या कपाटातली सचित्र पुस्तके रद्दीच्या तराजूत जातात, त्यांच्याही बाबतीत तेच.

अजिंठ्याच्या नकला दोनदा लंडनमध्ये जळाल्या. आग सांगून आली नव्हती. पण जे छापून ठेवले होते, पसरून ठेवले होते, ते उरले. आणि ते कसे छापले हे ज्यांना कळत होते, त्यांना त्या लहानशा काळ्या रेघांतून किती विश्वास ठेवायचा हेही कळले. आपल्या जिल्ह्यातल्या घरांत, दुकानांत, वाचनालयांत आज काय काय छापील उरले आहे याची यादी कोणी केलेली असो वा नसो, आपल्या घरापुरती ती प्रत्येकाला करता येईल. त्याला लागते एक भिंग, एक वही आणि एक रविवार.

व्याख्यानानंतर काही कागद आणि भिंगे पुढच्या टेबलावर ठेवतो आहोत. एकेकाने येऊन स्वतः बघावे, आणि तीन घराण्यांपैकी कुठले, ते आधी स्वतः ठरवावे. मग आम्हाला विचारावे.